कोरी पाठ

शाहूपुरी, सातारा
३ जानेवारी २०२५

तीर्थरूप हंबीरकाका यांना संयोगिताचा नमस्कार.

परवा नव्या वर्षाचा फोन काकीला केला, तेव्हा तुम्ही मागून "कोण हाय? कोण हाय?" विचारत होता आणि ती "संयू, संयू" म्हणून ओरडत होती. शेवटी भिंतीपलीकडून शेजारच्या हरणाबाईंनी "आवं, सातारची संयू हाय" म्हणून सांगितलं. तोफखान्यानं तुमचे कान नेले, पण त्यामुळं निदान एका माणसाला तरी मी अजून हातानं पत्र लिहिते. शाळेत मुलांना हे सांगितलं तर ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघतात.

आता कामाचं. दोन फेब्रुवारीला, रविवारी, आम्ही काही सायकलवाले पहाटे साताऱ्याहून निघून कराड, ताकारी, पलूस, तासगाव करत मिरजेला जाणार आहोत. लोक देतील ती मदत कॅन्सरवर संशोधन करणाऱ्यांकडे द्यायची. काकीला जे औषध लागू पडलं ते कुणीतरी कधीतरी शोधून ठेवलं होतं, म्हणून ती आज फोनवर ओरडू शकते. मला एवढं कारण पुरलं. रोज सकाळी यवतेश्वरच्या घाटात सायकल घालते. पहिल्या आठवड्यात जिना उतरताना भिंत धरत होते, आता बरं आहे.

प्रत्येकानं पाठीवर एक पांढरं कापड लावायचं आणि त्यावर ज्या माणसासाठी सायकल चालवायची त्याचं नाव लिहायचं. गेलेल्या माणसाचं चालतं, बरं झालेल्याचंही चालतं. मला काकीचं नाव लिहायचं आहे. आई गेल्यावर माझी वेणी घालून मला शाळेत पाठवली ती काकीनं. तीन वर्षांपूर्वी मिरजेच्या दवाखान्यात तिचं ऑपरेशन चालू असताना आपण दोघं बाहेरच्या बाकावर बसलो होतो, आणि तुम्ही माझा हात असा धरला होता की बांगडी वाकली. ती बांगडी मी अजून सरळ केलेली नाही.

तुमची परवानगी असावी. आपल्या आंबेवाडीवरूनच रस्ता जातो.

तुमची,
संयू


आंबेवाडी, ता. पलूस
९ जानेवारी २०२५

चि. संयोगितास आशीर्वाद.

पत्र पोचलं. सायकल मारून रोग कसा हटतो ते मला पलटणीत कुणी शिकवलं नाही, पण तू गणिताची बाई आहेस, हिशेब केला असशील.

नाव लावायचं नाही. आधी नकार सांगितला, आता कारण सांगतो.

गावाला आपण पित्ताचे खडे सांगितले होते. तू, मी, रेश्मा आणि ती स्वतः, एवढ्या चौघांत ही गोष्ट आहे. केस गेले तेव्हा ती चार महिने तुझ्याकडे साताऱ्याला राहिली, ते काय हवा खायला? हरणाबाई तर भिंतीपलीकडची, तिलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. घरात त्या विषयावर मी तिच्याशी बोलत नाही, कारण मला ऐकू यायचं तर तिला ओरडावं लागतं, आणि ती ओरडली की गल्ली ऐकते.

आता रेश्माचं माधवनगरला जवळजवळ ठरलं आहे. मुलगा जयराज, स्वतःचं वर्कशॉप आहे, निर्व्यसनी. दिवाळीत पत्रिका जुळल्या. मार्चमध्ये सुपारी फोडायचं चाललं आहे. अशा वेळी तू तिच्या आईचं नाव पाठीवर घेऊन पन्नास गावांतून जाणार. लोक पहिला प्रश्न काय विचारतील? हा आजार आईला झाला, मग पोरीचं काय? डॉक्टर काय म्हणतात ते मला सांगू नकोस. डॉक्टर सोयरीक करायला येत नाहीत.

ह्यातलं काकीला फोनवर काही बोलू नकोस. तिला आता कुठं झोप लागते आहे.

तू मात्र ये. तुमची न्याहारी आपल्या शाळेच्या मैदानावर करू. सरपंचांशी मी बोलतो.

तुझा काका,
हंबीरराव


सातारा
१५ जानेवारी २०२५

तीर्थरूप काका,

तिळगूळ पाकिटात घालणार होते, पोस्टातल्या बाई म्हणाल्या मुंग्या लागतात. प्रत्यक्षच आणते.

तुमचं पत्र वाचून मला राग आला, हे लिहून टाकते, नाहीतर पुढचं पत्र खोटं होईल. काकीनं काही चोरी केलेली नाही. आजारपणातून उठलेल्या माणसाची आपण मिरवणूक काढायची, ते सोडून आपण तिला लपवून ठेवतो. माझ्याकडे त्या चार महिन्यांत ती खिडकीत उभी राहायची आणि खाली कुणी आंबेवाडीकडचं दिसलं की पडदा ओढायची. एकदा ती म्हणाली, "संयू, मी बरी झाले तरी लपूनच ऱ्हायचं का गं?" मी चहा ठेवायला आत गेले.

पण रेश्मा माझी धाकटी बहीण आहे. तिचं लग्न माझ्या पाठीमुळं मोडलं तर मी तुम्हाला तोंड दाखवू शकणार नाही. म्हणून तुमचं ऐकते. काकीला काही बोलणार नाही.

मात्र दुसऱ्या कुणाचं नाव मी लावणार नाही. संयोजकांनी विचारलं, मग कापड काढून ठेवता का? मी म्हटलं, नको, कोरं लावते. सगळ्यांच्या पाठीवर नावं असतील, माझी पाठ कोरी असेल. त्याला तुमची हरकत नसावी.

संयू


आंबेवाडी
२१ जानेवारी २०२५

चि. संयोगितास आशीर्वाद.

कोरं कापड लाव, हरकत नाही. कोऱ्या कापडावरून कुणी काही वाचत नाही.

राग आला ते लिहिलंस, बरं केलंस. तुझ्या बापाचाही राग असाच, पत्रातून यायचा.

इकडं बंदोबस्त चोख लावला आहे. शाळेच्या मैदानावर मांडव, पोहे, केळी, उसाचा ताजा रस. नाथाजीच्या ट्रॅक्टरवरून पाण्याची टाकी येणार. तुमच्यात बायका पुष्कळ आहेत असं काकीला फोनवर म्हणालीस, म्हणून माझ्या डोक्यात एक कल्पना आली. रथसप्तमी चार तारखेला आहे, तोवर हळदी-कुंकू चालतं. तेव्हा गावातल्या सगळ्या बायकांचं हळदी-कुंकू त्याच दिवशी त्याच मांडवात ठेवलं. त्या तुम्हाला ओवाळतील, वाण देतील. तुझी काकी सगळ्यांच्या पुढं. तिनं वाणाला स्टीलचे चमचे आणलेत आणि ते कमी पडतील म्हणून रोज काळजी करते.

आणखी एक. माधवनगरच्या मंडळींनाही बोलावलं आहे. जयराज, त्याची आई आणि मामा. आपली पुतणी साताऱ्याहून सायकलवर येते, गाव तिला ओवाळतं, हे त्यांनी डोळ्यांनी बघावं. सोयऱ्यांना घराचं वजन असं दाखवायचं असतं, बोलून नाही.

पंक्चरचं सामान जवळ ठेव. ताकारीच्या पुढं रस्त्यावर ऊसगाड्या फार आहेत, डावीकडून चाल.

तुझा काका


आंबेवाडी
४ फेब्रुवारी २०२५

चि. संयोगितास अनेक आशीर्वाद.

तू मिरजेला सुखरूप पोचल्याचा फोन आला, रेश्मानं पाटीवर लिहून दाखवलं. शाबास. तोफखान्यात असतीस तर नाईक केली असती.

कार्यक्रम इतका देखणा झाला की मी दोन दिवस गावातून छाती काढून फिरतो आहे. तू घाईत होतीस, तुला सगळं दिसलं नसेल, म्हणून लिहितो. मी पोह्यांच्या पातेल्यापाशी उभा होतो. तिथून सगळा मांडव दिसत होता.

तुमच्या सायकली वळणावर दिसल्या आणि शाळेचा लेझीम सुरू झाला. मला लेझीम दिसला, ऐकू आला नाही, पण जमिनीतून पायाला कळला. काकीनं तुला ओवाळलं. मग ती तुझ्या मागं गेली, तुझ्या पाठीकडं बघून तुला काहीतरी विचारलं, तू मान खाली घालून काहीतरी सांगितलंस. मला वाटलं, दमलीस का म्हणून विचारत असेल.

मग बायकांनी तिला घेरलं. उखाणा घे म्हणत असणार, मला हात हलताना दिसले. ती आधी नको नको म्हणाली. मग पदर सारखा केला आणि उभी राहिली. तुला एक गंमत सांगतो. माझे कान गेल्यापासून ती उखाणा घेते तेव्हा मी तिच्या ओठांकडं बघत बसतो, फक्त माझ्या नावासाठी. माझं नाव घेताना तिचे ओठ मिटतात, ते मला बरोबर कळतं. आधीची ओळ काय असायची ती असो, चांदीचं ताट नाहीतर केशराचा पाट. माझं नाव आलं की मी इकडं तिकडं बघून घेतो, लोकांनी ऐकलं ना म्हणून.

ह्या खेपेलाही तसंच बघितलं. पण बायका हसल्या नाहीत. सगळ्या गप्प उभ्या राहिल्या. हरणाबाईनं तर खालीच बसकण मारली. ऊन होतं म्हणा. मग एकेक बाई येऊन काकीच्या हाताला हात लावून गेली. आमच्या बनुबाईनं, म्हणजे तुझ्या काकीनं, मोठं जड नाव घेतलं असणार, मी मनात म्हटलं, म्हातारपणी रंगात आली. शेवटी तिनं तुझ्या पाठीवर थाप मारली आणि तुम्ही निघालात.

मी तिथंच सगळ्यांना पेढे वाटले. माधवनगरची मंडळी तेवढी न जेवता गेली. जयराजच्या मामांना काही काम आठवलं.

तू शब्द पाळलास. पाठ कोरी ठेवलीस. तुझे उपकार मानायचे नसतात, पण मानतो.

तुझा काका


सातारा
१४ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप काका,

तुमचं पत्र आलं त्याला आठवडा झाला. दोनदा उत्तर लिहिलं आणि फाडलं. मग काल काकीला फोन केला. मी विचारलं, काका काय म्हणाले? ती म्हणाली, "काय बी न्हाईत. उलट पेढं वाटलं. घरी आल्यावर मी वाट बघत हुते, आता बोलतील, मग बोलतील. ते रेडिओची पेटी पुसत बसले. मला वाटलं, मानूस बदललं गं. लय बरं वाटलं बघ."

काका, तिला वाटतं तुम्ही ऐकलंत आणि तुम्हाला चाललं. आणि तुम्हाला वाटतं तिनं नुसतं तुमचं नाव घेतलं. तुम्ही दोघं दहा-बारा दिवस एकाच घरात दोन वेगळ्या आनंदांत राहत आहात. मी तिला म्हटलं, तूच सांग त्यांना. ती म्हणाली, "मी वरडून सांगू का आता? तूच लिव. तुझं पत्र ते शांतपनं वाचतात."

म्हणून लिहिते. तिनं ओवाळून झाल्यावर माझी पाठ बघितली. बाकीच्यांच्या पाठीवर नावं होती. तिनं विचारलं, "तुझंच कोरं का गं?" मी खोटं बोलू शकले नाही. मी म्हटलं, तुझं नाव लावणार होते, काका नको म्हणाले. तेवढ्यात बायकांनी उखाण्याचा आग्रह धरला. तिनं घेतलेला उखाणा असा:

"मिरजेच्या दवाखान्यात काढली क्यान्सरची गाठ,
हंबीररावांचं नाव घेते, ताठ ठेवून पाठ."

आधीची ओळ तुम्ही बघितली नाहीत. ती ही होती.

हरणाबाई उन्हानं बसल्या नव्हत्या. जयराजच्या मामांना कामही आठवलं नव्हतं. आणि काकीनं मला थाप मारली, तो हात ओवाळणीच्या ताटातल्या कुंकवाचा होता. मिरजेला कापड सोडलं तेव्हा कळलं. पाच बोटं स्पष्ट उठली आहेत. तिथं एकजण म्हणाला, तुमच्या कापडावर नाव नाही. मी म्हटलं, आहे.

मी शब्द मोडला असं तुम्हाला वाटत असेल तर मला बोला. तिला बोलू नका.

संयू


आंबेवाडी
२० फेब्रुवारी २०२५

चि. संयोगितास,

पत्र मिळालं.

माधवनगरहून अजून निरोप नाही. आता का नाही ते कळलं.

मी तिच्याशी बोललेलो नाही. मळ्यात राहायला आलो आहे, उसाला पाणी चालू आहे. ती डबा पाठवते. डब्यात काही कमी नसतं.

तू पत्र लिहू नकोस, मीच लिहीन.

हंबीरराव


आंबेवाडी
११ मार्च २०२५

चि. संयोगितास आशीर्वाद.

घरी परत आलो आहे. काय काय झालं ते क्रमानं लिहितो, मध्ये चिडू नकोस.

मळ्यात मी आधी तुझ्यावर चिडलो, मग तिच्यावर. तीन वर्षं मी किल्ल्यासारखी ती गोष्ट राखली आणि तिनं ती मांडवात उभी राहून देऊन टाकली. शिवाय तो मांडव मी घातला, बायका मी जमवल्या, सोयरे मी बोलावले. कुणाला सांगायची सोय नाही.

मागच्या रविवारी नाथाजी घरी आला, म्हणून मला मळ्यातून बोलावून घेतलं. सोयरीक त्यानंच जमवली होती. रेश्मा सुट्टीची सांगलीहून आली होती, ती मधे बसून तो काय म्हणतो ते मला पाटीवर लिहून दाखवत होती. बिचारीनं स्वतःच्या हातानं लिहिलं, "पत्रिका जुळत नाही म्हणतात." मी नाथाजीला म्हटलं, पत्रिका दिवाळीत जुळल्या होत्या, आता काय ग्रह चालत गेले? तो खाली बघायला लागला. तेव्हा मी म्हणालो, "आमच्या मंडळीला कॅन्सर झाला हुता, ते कारण आसंल तर तसं म्हनायला सांग त्यांना. ग्रहांच्या आड लपू नगा."

संयू, तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून काढला. दवाखान्यातसुद्धा मी "तो आजार" म्हणत होतो. आणि मी किती मोठ्यानं बोलतो ते तुला माहीत आहे. मला स्वतःला माझा आवाज ऐकू येत नाही. रेश्मानं पाटीवर लिहिलं, "आबा, देवळापर्यंत गेलं." मी म्हटलं जाऊ दे.

सोयरीक मोडली. रेश्माला मी विचारलं, वाईट वाटतं का? तिनं लिहिलं, "थोडं." मग ते पुसून लिहिलं, "जयराज स्वतः काहीच बोलला नाही, त्याचं जास्त वाटतं." मला वाईट वाटतं, ते मी लपवत नाही. पोरगा मला आवडला होता. ही गोष्ट मी राखली असती तर ह्याच महिन्यात तिची सुपारी फुटली असती, असं अजून मनात येतं. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

नाथाजी गेला आणि थोड्या वेळानं हरणाबाई आमच्या दारात. भिंतीपलीकडनं तिनं सगळं ऐकलं होतं. काकी तिला आत घेऊन गेली आणि मला खुणेनं ओट्यावर बसवलं. नंतर काकीनं सांगितलं की हरणाबाईला गेल्या पावसाळ्यापासून गाठ लागत होती. कुणाला बोलली नव्हती. बोलायची कुणाला? आमच्या घरात पित्ताचे खडे होते. उखाणा ऐकून ती मांडवात खाली बसली ती त्यामुळं. त्यानंतरही महिनाभर तिचं पाऊल आमच्या उंबऱ्याशी येऊन परत जात होतं, कारण आधी मी त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतो, आणि पुढं घरधनी रागावून मळ्यात गेलाय हे गावाला दिसत होतं. मी तोंडानं बोललो तेव्हा ती आत आली.

एक भिंत मधे, संयू. मी त्या बाईपासून तीन वर्षं गोष्ट राखली, त्याचा मला अभिमान वाटत होता.

काल काकी तिला एसटीनं मिरजेला घेऊन गेली. तपासणी झाली, रिपोर्ट यायचा आहे. काय निघेल ते देवाला माहीत. कुठल्या खिडकीशी उभं राहायचं, कुठला डॉक्टर नीट बोलतो, हे काकीला सगळं पाठ आहे. परत आली तेव्हा दमलेली होती, पण हरणाबाईचा हात धरून गल्लीच्या मधून आली. पूर्वी मिरजेहून आली की ती कडेकडेनं यायची. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आज सकाळी मी तिला म्हटलं, तो उखाणा पुन्हा घे. ती म्हणाली, "आता? आन हितं? कोन हाय ऐकायला?" मी म्हटलं, मी आहे की. ती लाजली, चूल पुसायला लागली, मग माझ्यासमोर पाटावर बसली. पदर सारखा केला. ह्या खेपेला मी माझ्या नावाची वाट बघितली नाही. पहिल्या शब्दापासून तिचे ओठ बघितले. मिरज कळलं, दवाखाना कळला, गाठ कळली. मग माझं नाव आलं. मला रडू आलं, आणि ती म्हणाली असावी, "बास करा आता." पाठ तिची खरंच ताठ होती.

ते कुंकवाचं कापड धुतलं नसशील तर तसंच ठेव. आणि पुढच्या वर्षी नाव लावायचं असेल तेव्हा मला पत्र लिहून परवानगी मागू नकोस. तिला विचार.

तुझा काका,
हंबीरराव